चाललंय आपलं कसंतरी

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ ही म्हण ज्यानं काढली त्याच्या गावात चौथा माणूस नसावा. असता, तर म्हण इतकी आटोपशीर राहिली नसती. दोघं भांडतात, तिसऱ्याचा लाभ होतो, आणि हे सगळं चौथा कोपऱ्यातून बघत असतो. लाभ त्याचाही झालेला असतोच. पण तिसऱ्याचा आपल्यापेक्षा काकणभर जास्त झाला, असं त्याच्या मनात येतं. मग तो हरत असलेल्याच्या कानाशी लागतो. थोड्या वेळानं पाहावं तर मूळ भांडण मिटलेलं असतं आणि तिसऱ्याच्या कौलांवर दगड पडत असतात.

चौघांचं हे शास्त्र कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मला ते दिसलं भाचीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, 'मॅजिक: द गॅदरिंग' नावाच्या पत्त्यांच्या खेळात. रविवारी दुपारी तिच्याकडे मित्रमंडळी जमतात आणि एखादा भिडू आला नाही, की "मामा, बसतोस का?" अशी हाक येते. गड्डी तिचीच, उसनी. डोकं तेवढं माझं.

आपल्या पत्त्यांत गड्डी एक आणि भिडू चार. नशिबात येईल ते पान. इथे प्रत्येक जण आपली गड्डी घरून बांधून आणतो आणि ती बांधण्यातच निम्मी अक्कल खर्ची पडलेली असते. आजवर पंचवीस हजारांहून जास्त वेगवेगळी पानं छापून झाली आहेत. त्यांतली हवी ती निवडायची. काही पानं म्हणजे जमीन. जमिनीतून दर पाळीला 'माना' नावाची शक्ती मिळते. ती खर्चून राक्षस, देवदूत, गॉब्लिन उतरवायचे, मंत्र टाकायचे आणि समोरच्याचं आयुष्य शून्यावर आणायचं. एवढं कळलं तरी पुढचं समजायला पुरे. बाकीचे नियम दोनशेहून अधिक पृष्ठांच्या दस्तऐवजात आहेत आणि तो भाचीच्या एका मित्राला तोंडपाठ आहे. तो सीएची परीक्षा देतोय, त्यामुळे त्याला ही सवयच आहे.

खेळ मुळात दोघांचा. गणितात डॉक्टरेट करत असलेले रिचर्ड गारफिल्ड रोबोंच्या शर्यतीचा एक खेळ घेऊन 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या सिएटलजवळच्या चिमुकल्या कंपनीकडे गेले. कंपनीचे पीटर अ‍ॅडकिसन यांनी सांगितलं की एवढा मोठा खेळ छापायला आमच्याकडे पैसे नाहीत. संमेलनांत लोक दोन मोठ्या खेळांच्या मधे रिकामे बसतात, तेव्हा झटपट खेळता येईल असं काही द्या. १९९३ च्या ऑगस्टमध्ये 'मॅजिक' बाजारात आलं. झटपट म्हणून आलेला हा खेळ आज चौघांत दोन-दोन तास हलत नाही, पण ते असो.

दोघांच्या खेळावर पुष्कळ शहाणं लिखाण झालेलं आहे. माइक फ्लोरेस यांचा १९९९ मधला एक लेख तर अजून नवशिक्यांना वाचायला देतात. समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी मारायचं काम कुणाचं आणि तग धरायचं काम कुणाचं, हे ज्याला उलटं कळलं तो हरला, असं त्याचं सार. दोघांत हे अगदी बरोबर आहे. चौघांत मारायचं काम कुणाचं? दुसऱ्या कुणाचं तरी.

चौघांचा जो प्रकार आज घरोघर खेळतात त्याचं नाव 'कमांडर'. तो कंपनीनं काढलेला नाही. अलास्कात अ‍ॅडम स्टॅली आणि त्यांच्या मित्रांनी तो आपसांत खेळायला काढला, शेल्डन मेनेरी या स्पर्धांच्या पंचांनी नियम नीट बसवून तो जगभर पोचवला, आणि चालतोय असं दिसल्यावर २०११ मध्ये कंपनीनं तयार गड्ड्या विकायला काढल्या. १०० पानांची गड्डी. साध्या जमिनी सोडल्या तर कुठलंही पान एकदाच. त्यांतलं एक पान सेनापती. तो सगळ्यांना दिसेल असा बाजूला मांडून ठेवायचा. आयुष्य २० ऐवजी ४०. पण एकाच सेनापतीचे घाव मिळून २१ भरले, की तुमचं आयुष्य चाळीस उरलेलं असो की चारशे, तुम्ही बाद. एकवीसच का? तर सुरुवातीला सेनापती म्हणून १९९४ च्या 'लेजंड्स' संचातले पाच बुजुर्ग ड्रॅगन असत. त्यांचा एक घाव सातचा, आणि तिसऱ्या घावाला माणूस मेला पाहिजे असा हिशोब. तीनदा सांगून ऐकलं नाही तर मग इलाज नाही, हा न्याय मला आपल्या आजीच्या घरातलाच वाटला.

आता मूळ अडचण. समजा, भाचीच्या मैत्रिणीनं एक जबरदस्त देवदूत उतरवला. माझ्या हातात 'स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स' आहे. एक माना द्यायचा, की कितीही मोठा प्राणी असो, तलवार टाकून शेतीला लागतो. मालकाला त्या प्राण्याच्या ताकदीइतकं आयुष्य भरपाई म्हणून मिळतं. दोघांच्या खेळात हा सौदा सोन्यासारखा आहे. माझं एक पान गेलं, तिचं एक गेलं. तिचे पाच माना गेले, माझा एकच. पण इथे चौघं आहोत. माझं एक गेलं, तिचं एक गेलं, आणि उरलेले दोघं चिवडा खात बसले आहेत. त्यांचं काहीच गेलं नाही. म्हणजे आम्ही दोघांनी पदरचं एकेक पान घालून त्यांना आघाडी मिळवून दिली. शिवाय मैत्रीण माझ्यावर डूख धरून बसली ती वेगळीच.

म्हणून हातात उपाय असलेला प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो. देवदूत मात्र दर पाळीला येऊन कुणाला ना कुणाला चोपून जातो.

गणितवाल्यांचं एक जुनं कोडं याच्या अगदी जवळचं आहे. तिघं बंदुका घेऊन त्रिकोणात उभे. एकाचा नेम कधीच चुकत नाही, दुसऱ्याचा तीनांत दोनदा लागतो, तिसऱ्याचा तीनांत एकदाच. आळीपाळीनं गोळी झाडायची. पहिली पाळी सगळ्यात कच्च्या नेमबाजाची, मग मधल्याची, मग पक्क्याची. कच्च्यानं कुणावर झाडावी? तर आकाशात. कारण त्यानं कुणालाही मारलं तर उरलेला त्याच्यावरच उलटणार. न मारलं तर मधला आणि पक्का एकमेकांना बघून घेतील आणि उरेल त्याच्यावर पहिली गोळी याचीच. कागदावर मांडून बघा: आकाशात झाडली तर कच्च्याची जगण्याची शक्यता जवळपास ४० टक्के, मधल्याची ३८ आणि ज्याचा नेम कधी चुकत नाही त्या बहाद्दराची फक्त २२. हे आकडे मी भाचीच्या मित्रमंडळीला सांगितले तर कुणाला आश्चर्यच वाटलं नाही. "काका, पहिला मरतो तो चांगला खेळणाराच," सीए म्हणाला. तो बहुतेक वेळा पहिला मरतो.

मराठी मध्यमवर्गाला हा हिशोब कुणी शिकवावा लागत नाही. थोरला अमेरिकेत, धाकटीला बंगळुरूला नोकरी, दुसरा फ्लॅट भाड्यानं दिलेला, आणि जिन्यात कुणी "काय म्हणताय?" विचारलं, की "चाललंय आपलं कसंतरी." हे खोटं बोलणं नव्हे. दृष्ट लागू नये, उसने मागायला कुणी येऊ नये आणि गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक पहिल्यांदा आपल्याच दारात येऊ नये, एवढी साधी इच्छा त्यामागे असते. कमांडरच्या टेबलावर या एका वाक्यानं जेवढे डाव जिंकले गेले आहेत तेवढे ड्रॅगननी जिंकले नसतील.

डाव सुरू होण्याआधी आपापली गड्डी किती तगडी आहे हे सांगायची पद्धत आहे, म्हणजे सामना बरोबरीचा व्हावा. बरीच वर्षं एक ते दहा असे गुण द्यायची रीत होती आणि जगभरच्या खेळाडूंत त्यावरून एकच विनोद चाले: प्रत्येकाची गड्डी सातच असते. साहजिक आहे. नऊ म्हणाल तर तिघंही तुमच्यावर तुटून पडणार. आणि पाच म्हणाल, तर आपल्या लेकराला पाच गुण कुठली आई देईल? या सातांना कंटाळून २०२५ मध्ये कंपनीनं पाच पायऱ्यांची नवी पद्धत आणली. आमच्या टेबलावर तेव्हापासून सगळे तिसऱ्या पायरीवर उभे आहेत.

कुणाला घाबरायचं, हे ओळखणं हीच या खेळातली खरी विद्या. नवशिका आयुष्याचा आकडा बघतो. ज्याचं चाळीस शाबूत, त्याच्यावर धाव. आकडा मोठा, ठळक, समोर लिहिलेला. म्हणून तोच सगळ्यात फसवा. थोडा मुरलेला खेळाडू टेबलावर काय मांडलंय ते बघतो: किती प्राणी, केवढे. त्याहून मुरलेला जमिनी मोजतो. आणि ज्याला खेळ कळला, तो हातातली पानं मोजतो. टेबलावरचं दिसतं, हातातलं दिसत नाही. जे दिसत नाही त्यातच डाव असतो.

भाचीच्या मैत्रिणीची एक दुपार मला यासाठी लक्षात राहिली आहे. एक चष्मेवाला मुलगा आमच्यात असतो, मनानं उघडा. त्याला पहिल्याच पाळीला 'सोल रिंग' लागली. एक माना देऊन ती उतरवायची आणि मग दर पाळीला दोन माना वसूल करायचे. जवळपास प्रत्येक गड्डीत हे पान असतं आणि पहिल्या हातात यावं म्हणून प्रत्येक जण मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसतो. ती खाली ठेवताना चष्मेवाल्याला हसू आवरेना. तिथेच तो संपला. पुढच्या पाच पाळ्या तिघांनी त्याला झोडलं. मैत्रीण तीन जमिनींवर बसून होती. दर पाळीला गड्डीवरून एक पान उचलायची, बघायची, सुस्कारा टाकायची. "जमीनच येत नाहीये रे." मला तिची इतकी दया आली, की माझा एक राक्षस मोकळा असताना मी तो तिच्यावर सोडला नाही. चहा ओतताना मी तिला दोन बिस्किटंही जास्त दिली. पाळीच्या शेवटी सातांवर पानं उरली तर जादाची टाकावी लागतात. ती पानं टाकत होती आणि आम्ही हळहळत होतो. कुणाच्या हे लक्षात आलं नाही, की जिला सात पानं ठेवून आठवं टाकायचंय, तिच्या हातात टेबलावरची सगळ्यात निवडक सात पानं जमत आहेत. चष्मेवाला बाद झाला, आमची सैन्यं थकली, आणि मग तिला सलग जमिनी लागल्या. त्यानंतरचं फार चाललं नाही.

'सोल रिंग'सारख्या पानांवरून एरवीही बरंच रामायण झालेलं आहे. कमांडरचे नियम स्वयंसेवकांची एक समिती बघत असे. २०२४ च्या सप्टेंबरात तिनं 'माना क्रिप्ट' आणि 'ज्वेल्ड लोटस' यांच्यासह चार पानांवर बंदी घातली; एखाद्याला पहिल्याच पाळीला फुकटचा माना मिळतो आणि डाव एकतर्फी होतो, हे त्या दोन पानांबद्दलचं दुखणं. ही पानं चांगलीच महाग होती. ज्यांचे पैसे अडकले होते ते इतके खवळले, की समितीच्या लोकांना धमक्या आल्या, आणि आठवड्याभरात समितीनं सगळा कारभार कंपनीच्या हाती सोपवला. 'सोल रिंग'ला मात्र कुणी हात लावला नाही. इतक्या घरांत जिचं येणंजाणं आहे तिला कोण बोलणार?

अँथनी अलोंगी नावाच्या एका लेखकानं चार-पाच जणांच्या खेळातली पानं प्राण्यांच्या नावांनी लावून ठेवली आहेत. इंग्रजीतलं माझं आवडतं वर्गीकरण हेच. गोरिला म्हणजे येऊन धोपटणारं पान. कोळी म्हणजे हातात दबा धरून बसलेलं. कुणी जाळ्यात पाय ठेवला की झडप. झुरळ मारलं तरी परत येतं. कबुतर म्हणजे माणसं जितकी जास्त तितकं ज्याचं पोट भरतं ते, 'प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडून एकेक' घेणारं. प्लवंग, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, सगळ्यांनाच खाऊ घालतात. आणि रॅटलस्नेक, शेपटीचा खुळखुळा वाजवणारा साप, टेबलावर उघडा पडून राहतो आणि सांगतो: माझ्याकडे या, पण आलात तर तुमचंही काही शिल्लक राहणार नाही.

यांत श्रेष्ठ कोण? मला विचाराल तर साप. गोरिला चौघांत फार जगत नाही. एकाला धोपटेपर्यंत दोघं त्याच्या पाठीवर बसतात. कोळी चांगला, पण तो दिसत नसल्यामुळे कुणी घाबरत नाही, आणि प्रत्येक वेळी खरोखर चावावं लागलं तर विष पुरत नाही. सापाला चावावंच लागत नाही. हल्ला करणाऱ्याला दर प्राण्यामागे दोन माना मोजायला लावणारं 'प्रोपगंडा' नावाचं एक पान आहे. जबरी असं त्यात काही नाही. माना मोजून कुणीही येऊ शकतो. पण शेजारचं दार सताड उघडं असताना दोन माना मोजून तुमच्याकडे कोण येतंय? शेजाऱ्यापेक्षा एक कडी जास्त लावावी, कुलूप कसं का असेना.

खाऊ घालणाऱ्यांतला राजा म्हणजे 'फेल्डाग्रिफ', १९९६ चा जांभळा, पंखवाला पाणघोडा. या विचित्र नावाची अक्षरं इंग्रजीत उलटसुलट लावली की 'गारफिल्ड पीएचडी' होतं. खेळाच्या जनकाला केलेला हा मुजरा. या पाणघोड्याला जरा जोर लावायला सांगितलं की प्रतिस्पर्ध्याला एक छोटा पाणघोडा मिळतो, उडायला सांगितलं की प्रतिस्पर्ध्याचं आयुष्य दोननं वाढतं, घरी बोलावलं की त्याला एक पान उचलता येतं. दोघांच्या खेळात असलं पान कोण घेईल? चौघांत मात्र हा पुढारी आहे. याला थोडं, त्याला थोडं, सगळे मिंधे. ज्याच्याकडून रोज काही ना काही मिळतं त्याच्यावर पहिला हल्ला करायला कुणी धजत नाही, आणि शेवटी उरलेल्या दोघांत तो असतो. मग मात्र तो फारसं काही करू शकत नाही, हेही खरं.

याच्या बरोब्बर उलट स्वभाव 'रिस्टिक स्टडी' या २००० सालच्या पानाचा. ते उतरवलं, की तुमचे प्रतिस्पर्धी जेव्हा जेव्हा काही खेळतील तेव्हा एक माना जास्तीचा भरतील, नाहीतर तुम्ही एक पान उचलाल. झालं. त्यानंतर तो माणूस दर दोन मिनिटांनी मान वर न करता एकच प्रश्न विचारतो: "वन भरतोयस?" पहिल्यांदा सगळे इमानदारीत भरतात. मग कुणाच्या तरी हातात चार मानांचं पान असतं आणि जवळ चारच माना असतात. "या वेळी घे बाबा." तिथून बांध फुटतो. एक माना वाचला तो न भरणाऱ्याचा. पान गेलं त्याचा ताप तिघांना. प्रत्येक जण दुसऱ्याला "अरे, भरत जा की" म्हणून सांगतो आणि स्वतःच्या पाळीला नड काढतो. पानं उचलणारा निर्विकार. हे पान मला कमांडरमधलं सगळ्यात खरं पान वाटतं, आणि भाचीचा चष्मेवाला मित्र ते खेळला की माझा रक्तदाब वाढतो. पैसे बुडवणाऱ्यापेक्षा आठवण करून देणाऱ्याचाच राग का यावा, कळत नाही.

सगळ्यांनी सगळ्यांवर तुटून पडायची मुभा असली की असं होतं, हे जाणून बसण्याची जागाच बांधून टाकणारा एक खेळ खुद्द गारफिल्ड यांनी १९९४ मध्ये केला. व्हॅम्पायरांचा. पहिलं नाव 'जिहाद' होतं, पुढच्याच वर्षी ते 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल' झालं. चार-पाच जण गोल बसतात. डावीकडचा तुमचं भक्ष्य, उजवीकडचा तुमचा भक्षक. भक्ष्याला बाद केलं की एक विजयगुण मिळतो आणि तुमच्या जीवनसाठ्यात सहाची भर पडते. साठा सुरुवातीला तीसचा असतो, तेव्हा सहा म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

हे ऐकलं आणि मला कौटिल्य आठवला. अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणात तो राजांचं मंडल मांडतो. मधे विजिगीषू, जिंकायला निघालेला. समोर लागून असलेला तो अरी, त्याच्या पलीकडचा तो मित्र. पाठीमागे लागून असलेला पार्ष्णिग्राह, म्हणजे टाच पकडणारा. आणि त्याच्याही मागे आक्रंद, संकटात ज्याला हाक मारायची तो. व्हॅम्पायरच्या टेबलावर हे जसंच्या तसं बसतं. उजवीकडचा तुमची टाच धरून आहे, आणि त्याच्या उजवीकडचा त्याची टाच धरून आहे, म्हणून तो तुमचा आक्रंद. फक्त कौटिल्याचं मंडल नावापुरतं गोल आहे, मांडणी पुढे आणि मागे अशी सरळ. इथे टेबल खरोखरच गोल. पाच जण असले तर तुमचा पुढचा मित्र आणि मागचा आक्रंद शेजारी शेजारी येतात आणि तुमचे हे दोन्ही हितचिंतक एकमेकांचे भक्षक आणि भक्ष्य निघतात. शिवाय आक्रंदानं तुमच्या भक्षकाला फारच लवकर गारद केलं, तर खुर्च्या सरकतात: तोच आता तुमचा भक्षक, आणि वर ताजा सहाचा साठा घेऊन. तेव्हा मित्राला यश चिंतायचं ते बेतानं. "लढ बाप्पू, पण सावकाश." भाचीला मी मंडल समजावून सांगितलं तेव्हा तिनं ते फोनवर टिपून घेतलं, यूपीएससीच्या क्लासला न गेलेल्या मुलीनं पार्ष्णिग्राह हा शब्द टिपून घ्यावा, याचा आनंद मला दोन दिवस पुरला.

हे झालं घरगुती. पण याच कमांडरची एक स्पर्धात्मक शाखा आहे. तिथे सात नाही, तिसरी पायरी नाही. प्रत्येकाची गड्डी जमेल तेवढी घातक. तिथलं बहुतेकांच्या ओळखीचं एक अस्त्र दोन पानांचं आणि अवघ्या तीन मानांचं आहे. आधी 'थासाज ओरॅकल' उतरवायची. तिचं म्हणणं पुरं होण्याआधी 'डेमॉनिक कन्सल्टेशन' टाकायचं: एका पानाचं नाव घ्यायचं आणि ते सापडेपर्यंत गड्डी उपसून फेकत जायची. गड्डीत नसलेल्या पानाचं नाव घेतलं की अख्खी गड्डी गेली. एरवी ही आत्महत्या. पण ओरॅकल विचारते, गड्डीत काही उरलंय का? नाही? मग तू जिंकलास.

एका रविवारी भाचीनं हा प्रकार हौसेनं घडवून आणला. खरी पानं कुणाच्या खिशाला परवडत नाहीत, म्हणून झेरॉक्स. चौथ्याच पाळीला सीएनं ओरॅकल आणि कन्सल्टेशन एकापाठोपाठ खाली ठेवली आणि हात मागे घेऊन बसला. आता उत्तर द्यायची संधी तिघांना, पण एकदम नाही, पाळीच्या क्रमानं. आधी मी, मग भाची, शेवटी मैत्रीण. माझ्या हातात 'फोर्स ऑफ विल' होतं. एरवी पाच मानांचं पान, पण एक आयुष्य आणि हातातलं दुसरं एखादं निळं पान अर्पण केलं तर फुकट, कुणाच्याही पाळीत. समोरचा मंत्र हवेतच विरतो. म्हणजे डाव वाचवायला माझी दोन पानं जाणार. भाचीचं काही जाणार नाही, मैत्रिणीचं काही जाणार नाही. वाचवायचा तो डाव मात्र तिघांचा.

याला समाजशास्त्रात 'स्वयंसेवकाची कोंडी' म्हणतात. आंद्रेयास डीकमान यांनी १९८५ मध्ये ती मांडली. काम एकानं केलं तरी पुरतं, फायदा सगळ्यांना, खर्च करणाऱ्याचा एकट्याचा. त्यांच्या गणिताप्रमाणे माणसं जितकी वाढतात तितकी 'कुणीच उठलं नाही' ही शक्यताही वाढते. पत्त्यांत त्याला आणखी एक पीळ आहे: क्रम. मी पास म्हटलं, की ओझं भाचीवर. भाची पास म्हणाली, की मैत्रिणीला मागे वळून बघायला कुणी नाही. शेवटी बसलेल्याला कोंडीच नसते. हाती असेल तर त्यानं टाकलंच पाहिजे. प्रश्न एवढाच, की तिच्या हातात आहे का.

मी तिच्याकडे बघितलं नाही. बघणं म्हणजे सांगणं. पानं पुन्हा एकदा लावली, भिंग वर केलं, एका पानावरचा बारीक मजकूर वाचल्यासारखं केलं. "पास," मी म्हटलं, पेन्शनच्या रांगेत 'पुढे जा' म्हणावं तितक्या सहज. भाचीनं माझ्याकडे एकदा रोखून बघितलं. ती माझ्या बहिणीची मुलगी आहे. "पास." मैत्रिणीनं ओठ आवळले, स्वतःचं 'फोर्स ऑफ विल' काढलं, त्याच्याखाली एक सुरेख निळं पान सारलं, आणि कन्सल्टेशन विरून गेलं. सीएनं तिला मनापासून शिव्या दिल्या. वाचवलं तिनं, आणि तिच्या हातात उरली दोन पानं. पुढच्या फेरीत भाचीनं आपलं अस्त्र बाहेर काढलं ते तिच्या त्या रिकाम्या झालेल्या हाताकडे बघूनच. मी तेव्हा माझं 'फोर्स' वापरलं. वापरलं, पण भाचीकडे त्याच्यावरही उतारा होता.

डाव संपल्यावर हातातली पानं दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे, ती फार वाईट आहे. माझं 'फोर्स ऑफ विल' तर टेबलावरच पडलेलं. मैत्रिणीनं ते उचललं, उलटसुलट बघितलं. "काका, हे मघाशी नव्हतं ना तुमच्याकडे? नंतर आलं असेल."

"आलं की गं मधेच," मी म्हटलं आणि पानं पिसायला घेतली.

नव्या डावात तिचा पहिला प्राणी दुसऱ्या पाळीला उतरला आणि तिसऱ्या पाळीला सरळ माझ्यावर आला. सीएसमोर 'सोल रिंग' होती, भाचीसमोर नुकता डाव जिंकल्याचं तेज होतं. माझ्यापुढे दोन साध्या जमिनी.

"अगं, बघ तरी," मी म्हटलं, "माझ्याकडे आहे काय?"

"काहीच नाहीये काका," ती म्हणाली. "म्हणूनच."